मिस्त्रीने खरं म्हटलेलं घड्याळ

मिस्त्रीच्या घरात वेळ विचारायची सोय नव्हती. घड्याळं नव्हती म्हणून नव्हे. घड्याळांनी कपाटाचा एक अख्खा खण, त्याच्या खालचा अर्धा खण आणि बायकोच्या शिवणाच्या डब्याचा वरचा कप्पा खाल्ला होता. पण कुणी सहज "किती वाजले हो?" म्हटलं, की मिस्त्री उठायचा, खण उघडायचा आणि आज कुठल्या घड्याळाला विचारावं याचा विचार करत बसायचा. तोवर विचारणाऱ्याची बस गेलेली असायची.

"दुकान आहे घरात दुकान," बायको म्हणायची. "आणि दूध उतू चाललेलं मला नाकानेच कळतं."

मिस्त्री म्हणजे फरशीवाला मिस्त्री. न्हाणीघरं, जिने, ओट्यामागची भिंत, जिथे फरशी बसते तिथे हा बसतो. शाळा त्याने अर्ध्यात सोडली की शाळेने त्याला, ते दोघांनाही आता आठवत नाही. पण डोळा असा की दोन फरश्यांमधली रेघ केसाएवढी जरी हलली, तरी घासात खडा लागल्यासारखं तोंड व्हायचं. लोकांकडे जेवायला गेला तरी आधी भिंत बघायचा, मग ताट.

आणि ह्या डोळ्याला नाद लागला घड्याळांचा. आता काही मोठ्या कंपन्या अशा आहेत, की त्यांचं एक घड्याळ घ्यायचं तर माणसाने राहतं घर विकावं आणि घड्याळात राहायला जावं. ते मिस्त्रीच्या ह्या जन्मात तरी बसणारं नव्हतं. पण त्या घड्याळांचा घाट, रंग, काट्यांची ठेवण बघून लहान कंपन्या तसंच घड्याळ काढतात आणि तोंडावर नाव मात्र स्वतःचं लिहितात. मिस्त्री त्याला म्हणायचा 'नमस्कारी'. मोठ्याला लांबून नमस्कार करतंय, पण बापाचं नाव बदलत नाही. त्याचा सगळा खण नमस्कारींनी भरलेला. सुट्टीच्या दिवशी घालायचं एक निळं नमस्कारी तर असं लाडकं, की ते पुसायला चष्म्याचं फडकं वापरायचा आणि चष्मा सदऱ्याला पुसायचा.

दुसरी जात म्हणजे 'सोंग'. दिसायला तसंच, आणि नावही त्या मोठ्या कंपनीचंच छापलेलं. सरळ सरळ थाप. सोंग मिस्त्री हातात घ्यायचा, उलटंसुलटं बघायचा, त्याच्यावर मनापासून हसायचा. पण मनगटाला लावायचा नाही. आजवर एकदाही नाही.

"मनगटात नाडी असते," तो म्हणायचा. "तिच्यावर थाप नाही बांधायची."

"नाडीला काय कळतंय," बायको म्हणायची. "तिला पट्टा टोचतो तेवढं कळतं."

एवढं मात्र खरं, की गल्लीत कुणालाही घड्याळ मिळालं, घेतलं, सापडलं, तर ते आधी मिस्त्रीकडे यायचं. त्याची पद्धत ठरलेली. आधी काचेवर हलकी फुंकर. मग घड्याळ कानाला. मग उलटं करून पाठ बघायची. आणि मग तोंड उघडायचं. पाठ बघितल्याशिवाय तोंड नाही. "चेहरा सगळेच रंगवतात," तो सांगायचा, "पाठ रंगवायचा कंटाळा करतात. तिथे सापडतात." औषधाच्या दुकानदाराचं घड्याळ त्याने सोंग म्हटलं, तेव्हा तो दुकानदार आठवडाभर त्याला खोकल्याचं औषध देईना. पण शब्द फिरवला नाही मिस्त्रीने. खोकत राहिला.

आता ह्या गोष्टीत येतात थोरले. थोरले म्हणजे मिस्त्रीचे साडू, बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. उभा जन्म पाणीपुरवठा कचेरीत काढला. कुठल्या गल्लीला किती वेळ पाणी सोडायचं हे त्यांच्या हातात होतं, त्यामुळे मान सरळ ठेवायची सवय लागली ती निवृत्त झाल्यावरही जाईना. राहायला दोन गल्ल्या पलीकडे. मिस्त्रीच्या खणाला ते 'खेळण्यांचं कपाट' म्हणायचे. मिस्त्री त्यांच्या बोलण्याला 'नळ' म्हणायचा, अर्थात त्यांच्या माघारी. दोघांचं एकमेकांवाचून पानही हलायचं नाही, पण ते कबूल करायला दोघांपैकी एकाला आधी तोंड मिटावं लागलं असतं.

थोरल्यांचा मुलगा लांबच्या शहरात हॉटेलच्या काउंटरवर नोकरीला लागला. पहिलीच नोकरी. पहिल्यांदा सुट्टीवर आला तो बापासाठी घड्याळ घेऊन. थोरल्यांनी पेटी उघडली, त्यावरचं मोठ्या कंपनीचं नाव वाचलं, आणि पोरगं काही बोलायच्या आत शेजाऱ्यांची दारं वाजवायला निघाले. वरचा मजला झाला, खालचा झाला, समोरची शिंपीणबाई झाली. मग रविवारी सगळ्यांना जेवायलाच बोलावलं. मिस्त्रीला खास निरोप: खेळणी घरी ठेवून ये, आज खरं बघायचंय.

"ये मिस्त्री, ये," थोरले खुर्चीतूनच म्हणाले. डावी बाही कोपरापर्यंत सरकवलेली. "आज तुझी परीक्षा आहे."

"अहो थोरले, आधी पाणी तरी द्या."

"पाणी कुठं पळतंय? हे बघ आधी. बघ आणि ह्या सगळ्यांना सांग."

मिस्त्रीने बघितलं. हातात घ्यायचीसुद्धा गरज नव्हती. त्या कंपनीच्या असल्या घड्याळाचा सेकंदकाटा कसा जातो, तर तूप लावलेल्या थाळीवरून थेंब सरकावा तसा. ह्याचा काटा ठेचा खात चालला होता. टक. टक. टक. कुणीतरी हट्टाने दार वाजवतंय म्हणावं, एवढा आवाज. आणि सहावरची खूण तिरकी. एवढी तिरकी, की मिस्त्रीच्या हाताखालच्या माणसाने अशी फरशी बसवली असती तर मिस्त्रीने ती उखडून त्याच्या डब्यात भरून दिली असती.

सोंग. आणि तेही आळशी सोंग.

जिभेवर आलं होतं. इतक्या वर्षांच्या खेळण्यांचा हिशेब एका शब्दात चुकता झाला असता. तेवढ्यात त्याची नजर वर गेली. थोरल्यांच्या खुर्चीमागे पोरगं उभं होतं, हातात पाण्याचा तांब्या. कान लालभडक. काही खुणावत नव्हतं बिचारं, फक्त बघत होतं. चेंडूने काच फुटल्यावर पोर बघतं तसं. मिस्त्रीला सगळं कळलं. रस्त्यावरून घेतलं असणार, बापाला खऱ्यासारखं दिसणारं आवडेल म्हणून. खरं आहे असं ते म्हणालंच नव्हतं. बापाने त्याला म्हणायला वेळच दिला नव्हता.

"बोल की!" थोरले म्हणाले. "वाचा बसली बघा मिस्त्रीची."

"खरं," मिस्त्री म्हणाला.

"काय?"

"खरं आहे. शंभर टक्के."

टाळ्या वाजल्या. शिंपीणबाई म्हणाली, मिस्त्री म्हणाला म्हणजे संपलं. पोराच्या हातातल्या तांब्यातलं पाणी अर्धं जमिनीवर सांडलं. मिस्त्री जेवला, पण त्या दिवशी पहिल्यांदाच भिंतीकडे बघायचं विसरला.

घरी जाताना बायकोने एक गल्ली ओलांडू दिली. मग म्हणाली, "पाठ नाही बघितलीत."

"कुणाची?"

"माझी! घड्याळाची हो. फुंकर नाही, कान नाही, पाठ नाही."

"अगं, एवढं मोठं घड्याळ ते. चेहऱ्यावरूनच कळतं."

"हं," बायको म्हणाली. ह्या बाईच्या 'हं'ला पुढे कुलूप नसतं. तो उघडाच राहतो आणि त्यातून वारा येत राहतो.

पोरगं नोकरीवर परत गेलं. मिस्त्रीला वाटलं, मिटलं. पण मिस्त्री एक गोष्ट विसरला होता. थोरल्यांनी घड्याळाची पेटी वाचली होती, आणि पेटीवर छापलं होतं की हे घड्याळ पाण्याखाली शंभर मीटर जातं. जन्मभर पाण्यात नोकरी केलेला माणूस तो. आणि आता तर मिस्त्रीचा शिक्का होता. मग काय विचारता! ज्याच्या घरी जातील त्याच्याकडे घागर मागायचे. चहाला बोलावलं तर आधी बेसिन कुठाय विचारायचे. न्हाव्याच्या दुकानात त्यांनी दाढीच्या वाटीत मनगट बुडवून दाखवलं आणि न्हावी म्हणाला, साहेब, पुढच्या गिऱ्हाइकाची वाटी आहे ती.

एकदा तर मिस्त्रीच्या कामावरच आले. मिस्त्री एका नव्या न्हाणीघरात भिंतीच्या फरश्या लावत होता. फरश्या बादलीत भिजत घातलेल्या. थोरल्यांबरोबर त्यांचा जुना कचेरीतला दोस्त.

"हा आमचा साडू. ह्यानेच सांगितलं खरं आहे म्हणून," थोरले म्हणाले. "आता गंमत बघ." आणि बाही सरकवली.

मिस्त्री शिडीवरून उतरला कसा, ते त्यालाही कळलं नाही. सिमेंटने भरलेल्या हाताने त्याने थोरल्यांचं मनगट हवेतल्या हवेत पकडलं.

"अहो, त्या पाण्यात सिमेंट आहे!"

"मग? आत थोडंच शिरतंय? तूच तर म्हणालास."

"सिमेंट चिकटतं हो. कडक होतं. मग घड्याळ छिन्नीने काढावं लागेल, हातासकट."

थोरल्यांनी हात मागे घेतला. पण दोस्ताकडे बघून डोळा मारला. "जळतो," ते म्हणाले. "आतून जळतो, पण माणूस सरळ आहे. खोटं बोलत नाही." मिस्त्री पुन्हा शिडीवर चढला आणि त्याने सरळ रेघेत एक फरशी तिरकी बसवली. ती नंतर उखडायला त्याची दुपार गेली.

व्हायचं ते झालंच. एका सकाळी थोरले दारात. मान पहिल्यांदाच जरा वाकलेली, कारण ते मनगटाकडे बघत होते. काचेच्या आत ढग जमला होता. काटे ढगात हरवलेले.

"मिस्त्री, हे काय रे?"

मिस्त्रीच्या तोंडचं पाणी पळालं. ते घड्याळात गेलं असावं. आता हे दुसऱ्या कुणाकडे उघडायला गेलं, की सोंग उघडं पडणार. सोंग उघडं पडलं की पोरगं उघडं पडणार, अख्ख्या इमारतीसमोर. मिस्त्रीच्या शब्दाचं तर नावच घ्यायला नको.

"सर्दी झालीय," मिस्त्री म्हणाला. "खऱ्यालाही होते. आणा इकडे, मी बघतो."

"आज संध्याकाळपर्यंत दे. मला त्याच्याशिवाय झोप येत नाही."

"घड्याळ घालून झोपता तुम्ही?"

"तुला काय करायचंय?"

"बरं. आणि थोरले, पाण्यात घालून दाखवायचं आता बंद. खरंवाले दाखवत नसतात. ज्यांचं खोटं असतं त्यांना दाखवावं लागतं."

हे थोरल्यांना फार पटलं. त्यांनी दोनदा मान हलवली आणि तिसऱ्यांदा हलवता हलवता ती पुन्हा सरळ झाली.

बाजाराच्या कोपऱ्यावर, किल्लीवाला आणि झेरॉक्सवाला यांच्या मधल्या फटीत भिंगकाकांचं दुकान. एक टेबल, एक दिवा, आणि डोळ्याला कायम लावलेलं भिंग. दुसऱ्या डोळ्याने ते कुणाकडे बघत नसत, त्यामुळे माणूस कितीही लांब असला तरी त्यांना मोठाच दिसायचा. त्यांनी पाठीचं झाकण काढलं आणि शिट्टी वाजवली.

"अरे, आत तळं झालंय. मासे सोड."

"चालू होईल का?"

"मशीन गेलं. तेही काय मशीन, डब्याच्या आवाजाचं. असलं दुसरं आठवड्याने येईल."

"संध्याकाळपर्यंत पाहिजे."

"मग दुसऱ्या कुठल्या घड्याळातलं ह्या मापाचं मशीन काढून आण. बसवतो, पाणी अडवायचं रबरही नवीन टाकतो."

मिस्त्री घरी गेला. खण उघडला. ह्या मापाचं मशीन कशात आहे हे त्याला खण उघडायच्या आधीच माहीत होतं, तरी त्याने बाकीची सगळी घड्याळं हलवून बघितली. मग निळं नमस्कारी उचललं, चष्म्याच्या फडक्यात गुंडाळलं आणि निघाला. बायको दारात भाजी निवडत होती. तिने फडकं बघितलं, पण 'हं'सुद्धा म्हणाली नाही. ते जास्त लागलं.

"ह्यातलं?" भिंगकाकांनी निळ्याची पाठ उघडली. "हे तर उत्तम मशीन आहे. घड्याळ चालू आहे की बंद, आवाजावरून कळायचं नाही असं. हे काढून त्या सोंगात घालू? डोकं ठिकाणावर आहे का तुझं?"

"साडूचं घड्याळ आहे."

"मग नाही ठिकाणावर," भिंगकाका म्हणाले आणि कामाला लागले.

संध्याकाळी थोरल्यांना घड्याळ मिळालं, भिंगकाकांकडून वाळवून आणलं म्हणून. लख्ख. ढग गेला, काटे जागेवर, वेळ बरोबर. मिस्त्रीने सुटकेचा श्वास सोडला आणि निळ्याचं रिकामं धड खणात मागे सारून ठेवलं.

दुसऱ्या दिवशी मिस्त्री चहाचा पहिला घोट घेतोय, तोच थोरले आत. चपला न काढता. डोळे तांबारलेले.

"आवाज कुठाय?"

"कसला आवाज?"

"टकटक! माझ्या घड्याळाची टकटक कुठाय? रात्रभर कानाशी धरून बसलो. एक शब्द बोललं नाही."

"अहो, बंद नाहीये ते. शांत चालतंय. चांगलं घड्याळ शांतच असतं."

"मग आधी काय ते वाईट होतं? तूच म्हणालास खरं!" थोरले खाली बसले. पुन्हा उठले. "तुला सांगतो. पोरगं गेल्यापासून घर खायला उठतं. ते अभ्यास करायचं ना, तेव्हा पेन्सिल आपटायचं टेबलावर. टक टक टक. मी किती ओरडायचो त्याला. हे उशाशी ठेवलं की तसंच वाटायचं. पलीकडच्या खोलीत बसलंय अभ्यास करत. मग झोप लागायची मला."

मिस्त्रीचा चहा गार होत होता. बायको स्वयंपाकघराच्या दाराशी येऊन उभी राहिली होती.

"आता मला सगळं कळलंय," थोरले म्हणाले. "त्या भिंगवाल्याने माझं खरं मशीन काढून घेतलं आणि स्वस्तातलं घातलं. चोर! मी आता इमारतीतली चार माणसं घेऊन जातो त्याच्या दुकानात. तोंडाला काळंच फासतो."

आणि निघालेसुद्धा. मिस्त्रीला दिसलं, ती फट, तो दिवा, भिंगाआडचा तो म्हातारा डोळा, आणि समोर शिंपीणबाईसकट सगळी इमारत. त्याने कप ठेवला.

"थोरले, थांबा. भिंगकाकांनी नाही. मी बदलायला लावलं."

"काय?"

"मशीन. आत आहे ते माझ्या निळ्यातलं आहे."

"आणि माझं? माझं खरं मशीन कुठाय?"

आता इथे खरं सांगायचं तर पोराचं नाव येत होतं. मिस्त्रीने एकदा बायकोकडे बघितलं. बायको छताकडे बघत होती.

"माझ्याकडे आहे," मिस्त्री म्हणाला.

थोरले खुर्चीवर बसले. रागावतील, ओरडतील, खेळण्यांचं कपाट रस्त्यावर फेकतील, असं मिस्त्रीला वाटलं होतं. तसं झालं असतं तर बरं झालं असतं. थोरल्यांनी घड्याळ काढून मिस्त्रीसमोर ठेवलं आणि ते हळू आवाजात म्हणाले, "एवढा जीव जडला होता, तर मागायचंस की रे. मी काय नाही म्हणालो असतो?"

"चूक झाली," मिस्त्री म्हणाला. कान त्याचेही लाल झाले होते, पण ते लाल कशाने आहेत हे थोरल्यांना कळायचा प्रश्नच नव्हता. "तुमचं तुम्हाला आणून देतो. तुम्ही भिंगकाकांकडे जाऊ नका. आठवड्याची मुदत द्या."

"दिली," थोरले म्हणाले. जाताना दारात थांबले. "तुझ्या ताईला सांगत नाही मी." ताई म्हणजे मिस्त्रीच्या बायकोची ताई, थोरल्यांचीच बायको. दुपारपर्यंत तिला माहीत होतं, संध्याकाळपर्यंत इमारतीला. औषधाचा दुकानदार तर मुद्दाम दुकानाबाहेर येऊन उभा राहिला. "मिस्त्री, खोकला कसा आहे?" म्हणाला. त्याने हे इतकं प्रेमाने विचारलं, की मिस्त्रीला खरंच खोकला आला.

"म्हणजे आता मी चोराची बायको," बायको ताट वाढताना म्हणाली.

"तू तरी नको बोलूस."

"मी कुठं बोलतेय? मी म्हणते, चोरी करायचीच होती तर जरा बऱ्या घड्याळाची तरी करायची." आणि तिने त्याच्या ताटात एक चमचा जास्त वाढला. मिस्त्रीने मान वर करून बघितलं. हिला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. पाठ न बघितल्यापासून.

आठवड्याने भिंगकाकांकडे माल आला. "आलं बघ तुझं डब्याचं मशीन," ते म्हणाले. "पण हा धंदा करायला लागल्यापासून असं गिऱ्हाईक बघितलं नाही. उत्तम काढून भंगार घाल म्हणणारं."

"त्यातल्या त्यात मोठ्याने वाजणारं निवडा."

"लोक शांत मागतात रे बाबा."

"ह्यांना पेन्सिल पाहिजे," मिस्त्री म्हणाला. भिंगकाकांनी भिंग सरळ केलं. सगळी मशीनं एकेक करून कानाला लावली आणि त्यातलं सगळ्यात बडबडं काढून दिलं. निळ्याच्या पोटात निळ्याचं मशीन परत गेलं.

रविवारी थोरल्यांकडे पुन्हा जेवण. पोरगंही आलं होतं, दोन दिवसांची सुट्टी काढून. आईने फोनवर त्याला सगळी हकिगत सांगितली होती. ते मिस्त्रीच्या डोळ्याला डोळा देईना. मिस्त्रीने खिशातून घड्याळ काढून थोरल्यांच्या हातात ठेवलं. थोरल्यांनी ते कानाला लावलं. टक टक टक टक. भिंतीपर्यंत ऐकू जात होतं. थोरल्यांनी डोळे मिटले आणि बराच वेळ उघडले नाहीत.

"हा," ते म्हणाले. "हा खऱ्याचा आवाज."

मग त्यांनी घसा साफ केला. निवृत्तीच्या दिवशी केला असेल तसा. "मंडळी, झालं गेलं विसरायचं. मोह कुणाला होत नाही? आमच्या मिस्त्रीला घड्याळांचा नाद. खेळण्यांवर दिवस काढले बिचाऱ्याने. समोर खरं आलं, हात गेला."

"बाबा," पोरगं खुर्चीमागून म्हणालं. आवाज फाटलेला. "बाबा, मला एक सांगायचंय. काकांनी काही चोरलेलं नाही. ते घड्याळ मुळातच…"

"आणा हो इकडे ते!" मिस्त्री एवढ्या जोरात ओरडला, की शिंपीणबाईच्या हातातला घास ताटात पडला. त्याने डावा हात पुढे केला, बाही वर सरकवून. "नुसतं बोलताय काय, थोरले? एवढं माफ केलंय तर एकदा घालून बघू द्या की मला. एकदाच."

पोराचं तोंड उघडंच राहिलं. थोरल्यांचा चेहरा असा उजळला, की त्यांनी सगळ्या गल्लीचे नळ एकदम सोडले असते.

"एकदाच कशाला? एक अख्खा दिवस घाल! उद्या दिवसभर. पण अट आहे माझी. हातातून काढायचं नाही. खऱ्याचा मान असतो."

आणि त्यांनी स्वतःच्या हाताने ते सोंग मिस्त्रीच्या मनगटावर बांधलं. नाडीच्या बरोबर वर. सहावरची तिरकी खूण मिस्त्रीकडे बघत होती. पोरगं पाणी वाढायला आलं आणि वाकताना एवढंच म्हणालं, "काका…"

"पाणी सांडू नकोस," मिस्त्री म्हणाला. "माझ्या हातात घड्याळ आहे."

घरी जाताना बायको म्हणाली, "शोभतंय हो."

"गप्प बस."

"नाडी काय म्हणते?"

मिस्त्रीने मनगट कानाला लावलं. "ऐकू येत नाही. हेच फार बोलतंय."

सोमवारी काम होतं एका घरातल्या न्हाणीघराचं. बादलीत फरश्या भिजत घातलेल्या, खाली चिखल, वर नळ गळतोय. मिस्त्रीने मनगटाला प्लास्टिकची पिशवी बांधली, पिशवीला दोरी बांधली, आणि डावा हात डोक्याच्या वर धरून उजव्या हाताने फरश्या लावायला सुरुवात केली. घरमालकीण दोनदा डोकावून गेली. तिसऱ्यांदा तिला राहवेना.

"मिस्त्री, हात दुखतोय का तुमचा?"

"नाही."

"मग वर का धरलाय?"

पिशवीतून टक टक टक चालू होतं. मिस्त्रीने भिंतीवरची रेघ डोळा बारीक करून बघितली. एकदम सरळ होती.

"साडूचं आहे," तो म्हणाला. "खरं आहे. पाणी उडवू नका."